शेजारचा चीन आणि आपली विद्यापीठे

26 ऑक्टोबर 2025 च्या रात्री कोलकात्याहून ग्वांगझोऊकडे एक प्रवासी विमान निघाले आणि भारत व चीन ह्या दोन देशांमधील थेट हवाई वाहतूक पाच वर्षांहून अधिक काळानंतर पुन्हा सुरू झाली. 2020 च्या आरंभी महासाथीमुळे ती थांबली होती आणि त्याच वर्षी जून महिन्यात गलवानच्या खोऱ्यात आपल्या वीस जवानांचे रक्त सांडल्यावर ती थांबूनच राहिली. ऑक्टोबर 2024 मध्ये सीमेवरील गस्तीविषयी उभय देशांत समझोता झाला, 2025 च्या उन्हाळ्यात कैलास-मानसरोवराची यात्रा पुन्हा भरली, जुलैमध्ये चिनी पर्यटकांना भारताचा व्हिसा पुन्हा मिळू लागला आणि मग हे विमान. वृत्तपत्रांनी ह्या साऱ्याचे स्वागत प्रामुख्याने व्यापाराच्या भाषेत केले, व ते साहजिकच होते. 2024-25 ह्या आर्थिक वर्षात चीनबरोबरच्या व्यापारात आपली तूट सुमारे 99 अब्ज डॉलरची होती. एवढ्या रकमेच्या मागे काय काय दडलेले असते ते सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. नाताळात गोठ्यावर लावलेला चमचमता तारा उलटा करून पाहावा, दिवाळीचा कंदील पाहावा, किंवा एखाद्या औद्योगिक वसाहतीतील लहानशा कारखान्यात जाऊन यंत्रावरची पाटी वाचावी.

पाटी वाचावी असे आम्ही म्हणालो खरे, परंतु ती वाचणार कोण, हाच ह्या लेखाचा विषय आहे.

2020 पूर्वी चीनमध्ये सुमारे 23 हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते. हा आकडा ऐकून कोणासही वाटावे की, चीनला ओळखणाऱ्या तरुणांची एक पिढीच आपल्याकडे तयार होत आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. त्यांपैकी बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे, इंग्रजी माध्यमातून शिकणारे. मायदेशी परतून परीक्षा देणे व दवाखाना थाटणे हे त्यांचे रास्त ध्येय होते. महासाथीच्या काळात ते घरी अडकले, त्यांच्या पालकांनी सरकारदरबारी खेटे घातले, 2022 च्या ऑगस्टमध्ये त्यांस पुन्हा व्हिसा मिळू लागले. त्यांच्याविषयी आम्हांस सहानुभूतीच आहे. मात्र चीनचा इतिहास, त्याची भाषा, त्याचा समाज, तेथील खेड्यातील जमिनीचा प्रश्न किंवा तेथील धर्मजीवन हा अभ्यासाचा विषय म्हणून निवडणारे भारतीय विद्यार्थी आजही मूठभरच आहेत. आपला सर्वांत मोठा शेजारी, ज्याच्याशी आपली सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची सीमा आहे आणि जिच्यावर एकमत नाही, त्याला आपण बहुतांशी इंग्लंड-अमेरिकेत लिहिलेल्या ग्रंथांच्या चष्म्यातून पाहतो.

ही परावलंबी दृष्टी किती खोलवर गेली आहे त्याचे एक उदाहरण आपल्या शालेय इतिहासातच आहे. सातव्या शतकात युआन श्वांग हा चिनी भिक्षू भारतभर फिरला आणि महाराष्ट्रातही आला. येथील लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत व अपमानही विसरत नाहीत, येथला राजा पुलकेशी आहे आणि सम्राट हर्षालाही त्याला नमविता आले नाही, असे त्याने नोंदवून ठेवले. मराठी मुलुखाचे व माणसांचे परक्याने केलेले इतके जुने वर्णन दुर्मीळच. आपण ते अभिमानाने सांगतो. पण सांगतो ते कशाच्या आधारे? सॅम्युएल बील ह्या इंग्रजाने 1884 मध्ये केलेल्या भाषांतराच्या, नाहीतर थॉमस वॉटर्सच्या ग्रंथाच्या. मूळ चिनी ग्रंथ उघडून आपल्याच पूर्वजांविषयी काय लिहिले आहे ते वाचू शकेल, असा इतिहासाचा प्राध्यापक महाराष्ट्रात शोधू गेल्यास किती दारे ठोठवावी लागतील, ह्याचा विचार केलेला बरा.

एके काळी अशी स्थिती नव्हती, आणि हे सांगताना आम्हांस विशेष आनंद होतो, कारण त्या काळाचे एक केंद्र पुणे हे होते. फर्ग्युसन महाविद्यालयात पुरुषोत्तम विश्वनाथ बापट आणि वासुदेव विश्वनाथ गोखले ह्या दोघा विद्वानांनी बौद्ध ग्रंथांच्या अभ्यासासाठी चिनी भाषा आत्मसात केली. कारण साधे होते. भारतात लिहिले गेलेले कितीतरी संस्कृत ग्रंथ भारतातून नाहीसे झाले, परंतु चिनी भाषांतरांत ते टिकून राहिले. आपली हरवलेली वस्तू शेजाऱ्याने जपून ठेवलेली असेल तर शेजाऱ्याची भाषा शिकणे भाग असते. बापटांनी जपानी विद्वान अकिरा हिराकावा ह्यांच्यासह पाली विनयावरील एका टीकाग्रंथाच्या चिनी भाषांतराचे इंग्रजी भाषांतर केले व ते 1970 साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने प्रकाशित केले. मूळ चिनी भाषांतर संघभद्र नावाच्या भिक्षूने 489 साली ग्वांगझोऊ येथे केलेले होते. परवाचे विमान उतरले तेच हे शहर.

बंगालमध्ये तर ह्याहून मोठे कार्य उभे राहिले. 1927 साली सिंगापूरमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांची भेट तान युन-शान ह्या तरुण चिनी अध्यापकाशी झाली. पुढच्याच वर्षी तो शांतिनिकेतनात आला व तेथेच राहिला. त्याने निधी जमविला, ग्रंथ मिळविले आणि 14 एप्रिल 1937 रोजी विश्वभारतीत ‘चीन भवन’ उघडले. भारतातील विद्यापीठीय चीन-अभ्यासाचा तो खरा पाया होय. पुढच्याच वर्षी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले. त्यांची कथा व्ही. शांताराम ह्यांच्या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचली, मात्र तिच्यातील एक बाजू सहसा सांगितली जात नाही. कोटणीस तेथे चिनी भाषा शिकले, त्या भाषेत रुग्णांशी बोलले आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. 1947 मध्ये वसंत परांजपे हे मराठी तरुण शिष्यवृत्तीवर पेकिंग विद्यापीठात गेले. 1954 साली पंडित नेहरू चीनच्या दौऱ्यावर गेले तेव्हा दुभाषा म्हणून तेच त्यांच्या शेजारी होते. ज्ञान आणि राज्यकारभार ह्यांची अशी गाठ पडणे हे त्या काळात शक्य होते.

मग 1962 चे युद्ध आले. ते एक महिना चालले, परंतु विद्यापीठांवर त्याची छाया साठ वर्षे राहिली. आसाम, बंगालमधील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, ज्यांत भारतातच जन्मलेली मुले व वृद्धही होते, राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. चिनी बोलणारा म्हणजे संशयित, हे समीकरण तेव्हा रुजले. दुसरीकडे शासनाच्या ध्यानात आले की, ज्याच्याशी लढलो त्याच्याविषयी आपल्याला फारसे काही ठाऊक नाही, म्हणून 1964 मध्ये दिल्ली विद्यापीठात चीन-अभ्यासाचे केंद्र निघाले. त्यास अमेरिकेच्या फोर्ड प्रतिष्ठानाने साहाय्य केले व अध्यापकांना प्रशिक्षणासाठी पाश्चात्त्य विद्यापीठांत धाडण्यात आले. चीनमध्ये जाणे तर शक्यच नव्हते. त्या पिढीतून तान चुंग (तान युन-शान ह्यांचे सुपुत्र) आणि गिरी देशिंगकर ह्यांच्यासारखे अभ्यासक पुढे आले, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी भाषेचे शिक्षण बहरले, हे नाकारता येणार नाही. तरीही अभ्यासाचा केंद्रबिंदू बदलला तो बदललाच. बापट-गोखल्यांचा चीन हा ग्रंथांचा व माणसांचा चीन होता. 1962 नंतरचा चीन म्हणजे सीमा, क्षेपणास्त्रे आणि पक्षाची केंद्रीय समिती. दूरचित्रवाणीवरील चर्चा ऐकणाऱ्यास हा फरक लगेच जाणवेल. तेथे निवृत्त सेनाधिकारी असतात, माजी राजदूत असतात. चिनी शेतकऱ्याविषयी, तेथील लेखकाविषयी किंवा गावातील देवळाविषयी बोलणारा कोणी नसतो.

गलवाननंतर जे घडले ते ह्याच मालिकेतले. ऑगस्ट 2020 मध्ये शिक्षण मंत्रालयाने भारतातील कन्फ्यूशियस संस्थांची व चिनी विद्यापीठांबरोबरच्या अनेक सामंजस्य करारांची फेरतपासणी आरंभिली. मुंबई विद्यापीठातही 2013 पासून अशी एक संस्था होती. ह्या संस्था चिनी शासनाच्या पैशातून चालतात. 2004 मध्ये सेऊल येथे पहिली निघाली आणि पुढे जगभर पसरल्या. भाषा शिकविता शिकविता तैवान, तिबेट, तियानानमेन ह्या विषयांवर मौन पाळायला लावतात, असा त्यांच्यावर आक्षेप आहे. अमेरिकेत 2019 साली शंभराच्या आसपास असलेल्या ह्या संस्था 2023 पर्यंत पाचाहूनही कमी उरल्या. तेव्हा तपासणी करण्यात शासनाचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. परक्या शासनाच्या पैशाने त्याच शासनाविषयी निर्भय ज्ञान मिळेल, अशी अपेक्षा भाबडेपणाची ठरेल. आमचा आक्षेप वेगळा आहे. दार बंद करताना घरात दुसरा दिवा लावला गेला नाही. 2019 च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात शिकण्याजोग्या परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनी होती. 2020 च्या अंतिम धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज व रशियन ह्यांची नावे राहिली आणि चिनी वगळली गेली. चिनी शिकण्यास बंदी नाही, हे खरे. परंतु शाळेचा मुख्याध्यापक आणि मुलाचा बाप यादीतून काय समजायचे ते समजतो.

केवळ आपणच ह्या चुकीचे धनी आहोत असे नाही. 2018-19 मध्ये अमेरिकेचे अकरा हजारांहून अधिक विद्यार्थी चीनमध्ये होते. 2021-22 मध्ये ते दोनशेच्या घरात आले. शी जिनपिंग ह्यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पाच वर्षांत पन्नास हजार अमेरिकन तरुणांना बोलाविण्याची घोषणा केली, पण तुटलेली सवय घोषणेने जुळत नाही. शिवाय चीनने स्वतःच अभ्यासकाची वाट अवघड केली आहे. परराष्ट्र मंत्रालयाचे 2004 पासून खुले केलेले दप्तर सुमारे 2013 पासून बव्हंशी पुन्हा कुलूपबंद झाले. शोधनिबंधांच्या मोठ्या चिनी संगणकीय संग्रहाचे काही भाग 1 एप्रिल 2023 पासून परदेशी विद्यापीठांना मिळेनासे झाले. इतिहासाविषयी पक्षाला न रुचणारे लिहिणे ह्यास तेथे ‘ऐतिहासिक शून्यवाद’ असे नाव आहे व तो अपराध मानला जातो. हाँगकाँगमध्ये 1963 पासून जगभरच्या चीन-अभ्यासकांचे माहेरघर असलेले केंद्र, जे तेथील चायनीज युनिव्हर्सिटीत होते, 2021 च्या आरंभी मोडीत काढून ग्रंथालयात विलीन करण्यात आले. आज चीन शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ह्या अडचणी आधीच सांगितल्या पाहिजेत.

अडचणी नव्या मात्र नाहीत, आणि येथे आम्हा कॅथलिकांपाशी सांगण्यासारखे काही आहे. युरोपात चीनचा विद्याविषय म्हणून जो अभ्यास सुरू झाला, त्याची वाट आपल्या गोव्यावरून गेली. संत फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्यासमोर शांगच्वान बेटावर 3 डिसेंबर 1552 रोजी मरण पावले, हे प्रत्येक यात्रेकरूस ठाऊक आहे. परंतु माटेओ रिची हा तरुण येशूसंघीय सप्टेंबर 1578 मध्ये गोव्यात उतरला, येथे शिकला व शिकविले, 1580 मध्ये कोचीन येथे त्यास गुरुदीक्षा मिळाली आणि 1582 मध्ये तो येथूनच मकावला गेला, हे किती जणांस माहीत आहे? गोव्यातून 1581 मध्ये त्याने रोमला लिहिलेले एक पत्र तर आमच्या मते आजही वाचण्याजोगे आहे. स्थानिक भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकवू नये, शिकले तर ते गर्विष्ठ होतील, असा नियम तेव्हा निघाला होता. रिचीने त्यास स्पष्ट विरोध केला. हेच कारण युरोपातील विद्यार्थ्यांनाही लावता येईल, मग तेथे का लावत नाही, असा त्याचा रोकडा सवाल होता. त्या वेळी तो अद्याप तिशीही न गाठलेला होता. पुढे ज्याने चिनी पंडितांपुढे विद्यार्थी म्हणून बसण्यात कमीपणा मानला नाही, त्याची ही पूर्वतयारी म्हणावी.

चीनमध्ये आरंभी त्याने बौद्ध भिक्षूचा वेष घेतला. समाजात मान विद्वानाला आहे हे कळल्यावर 1595 मध्ये विद्वानाचा झगा घातला. त्याने चिनी भाषेत मैत्रीवर पुस्तक लिहिले, जगाचा नकाशा काढला, श्यू ग्वांगची ह्या विद्वानासह युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तके 1607 मध्ये चिनीत आणली. अर्थात त्याच्या दृष्टीलाही सीमा होत्या. कन्फ्यूशियसविषयी त्याला जेवढा आदर वाटला, तेवढाच तुच्छभाव त्याने बौद्ध धर्माविषयी दाखविला, आणि हे भारतीय वाचकाने विसरू नये. पोप फ्रान्सिस ह्यांनी डिसेंबर 2022 मध्ये त्यास ‘आदरणीय’ घोषित केले. त्याच्या मागून आलेला सिसिलीचा प्रोस्पेरो इंतोर्चेता ह्याने कन्फ्यूशियस परंपरेतील एका ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले. त्या वेळी मिशनऱ्यांना ग्वांगझोऊ शहरात स्थानबद्ध केलेले होते, तरी 1667 मध्ये पुस्तकाची छपाई तेथे सुरू झाली आणि 1669 मध्ये ती पूर्ण झाली गोव्यात! पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये चिनीचे अध्यासन निघाले ते 1814 साली. म्हणजे युरोपीय विद्यापीठांनी ज्या विद्येला पुढे शिरोधार्य मानले, तिचे एक पुस्तक दीडशे वर्षे आधी आपल्या किनाऱ्यावर छापले गेले होते. आपण त्या मुद्रणालयाचा उल्लेख करतो तो फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाच्या निमित्ताने गोव्यातील मुद्रणकलेविषयी बोलताना, आणि तेथेच थांबतो.

दार बंद असताना अभ्यास कसा करावा, ह्याचा धडाही ह्याच परंपरेत आहे. 1949 नंतर मिशनऱ्यांची हकालपट्टी झाली. हंगेरीचे फादर लास्लो लादानी हाँगकाँगमध्ये बसले आणि 1953 पासून तब्बल तीस वर्षे ‘चायना न्यूज अॅनॅलिसिस’ हे पत्रक काढीत राहिले. त्यांचे साधन कोणते? चीनमधीलच वृत्तपत्रे आणि प्रांतिक आकाशवाणी. शासन जे उघडपणे छापते तेच रोज, ओळीओळीने, मूळ भाषेत वाचायचे, काल काय लिहिले होते ते आठवायचे, आज कोणते नाव गाळले ते टिपायचे. जगभरचे मुत्सद्दी ते पत्रक वाचत. ह्यास गुप्तहेर लागत नाहीत; भाषा लागते आणि चिकाटी लागते.

आज ह्या भाषेची गरज आपल्या ख्रिस्तसभेलाही आहे. चीनमधील बिशपांच्या नेमणुकीविषयी व्हॅटिकन व चीन ह्यांच्यात 22 सप्टेंबर 2018 रोजी तात्पुरता करार झाला. 2020, 2022 आणि 2024 मध्ये त्याची मुदत वाढली, शेवटच्या खेपेस चार वर्षांसाठी. त्याचा मजकूर प्रसिद्ध झालेला नाही. तरी आपल्या धर्मग्रामांत त्याच्यावर ठाम मते ऐकू येतात, आणि त्यांचा आधार बहुधा मोबाइलवर फिरत आलेला एखादा मजकूर असतो. एकच शब्द घ्या. चिनी शासन धर्मांच्या ‘चीनीकरणा’चा आग्रह धरते. आपल्याकडील काही जण म्हणतात, ह्यात वावगे काय? आपणही आरती, ओवाळणी, मराठी भजने उपासनेत आणलीच की! परंतु स्थानिक संस्कृतीत श्रद्धा रुजविणे ह्यासाठी चिनी ख्रिस्ती लोक ‘बेन्दिहुआ’ हा वेगळा शब्द फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. शासनाचा शब्द ‘झोंग्वोहुआ’ असा आहे, आणि शासकीय लिखाणात त्याच्यासोबत पक्षाच्या नेतृत्वाचा स्वीकार व समाजवादी व्यवस्थेशी जुळवून घेणे ह्या अपेक्षा येतात. दोन्हींचे मराठी आपण एकच करून बसलो, तर तेथील आपल्या बंधुभगिनींची खरी कोंडी आपल्याला कळणार नाही. पोप बेनेडिक्ट ह्यांच्या 2007 च्या पत्रानुसार 24 मे रोजी चीनमधील ख्रिस्तसभेसाठी आपण प्रार्थना करतो. ज्यांच्यासाठी प्रार्थना करतो, त्यांच्यावर काय बेतले आहे ते नीट जाणून घेणे हे त्या प्रार्थनेला धरूनच आहे.

आता पालकांचा प्रश्न: हे शिकून मुलाचे पोट भरेल काय? प्रश्न रास्त आहे व आम्ही त्यास टाळणार नाही. चिनी लिपीतील वृत्तपत्र सहजपणे वाचता येण्यास दोन-तीन हजार चिन्हे ओळखावी लागतात आणि त्यासाठी चार-पाच वर्षांची नेटाची मेहनत पडते. इतिहासाचे संशोधन करायचे तर अभिजात चिनी वेगळी शिकावी लागते. अध्यापकाच्या जागा थोड्या आहेत. त्या उलट भाषांतर, व्यापारी कंपन्या, वृत्तसंस्था, परराष्ट्र सेवा व संशोधन संस्था ह्यांस चिनी जाणणारी माणसे हवी असतात, आणि दुभाषा मिळेना म्हणून कारखानदार खोळंबतात. दिल्ली, जवाहरलाल नेहरू, विश्वभारती व बनारस हिंदू ह्या विद्यापीठांत चिनीचे शिक्षण मिळते. 2011 पासून तैवानच्या साहाय्याने भारतातील काही विद्यापीठांत भाषाकेंद्रे निघाली आहेत आणि तैवानच्या शिष्यवृत्त्याही आहेत. तेथे जुनी, अधिक रेघांची लिपी शिकवितात. मुख्य भूमीवरील सोपी केलेली लिपी मग वेगळी गिरवावी लागते, पण जुने ग्रंथ वाचणाऱ्यास ही तक्रार वाटू नये.

महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाने इतिहास विभागात चीनसाठी एक जरी कायमची जागा निर्माण केली, स्वतःच्या पैशाने, तर कन्फ्यूशियस संस्थेविषयीच्या साऱ्या वादाचे ते उत्तम उत्तर ठरेल. त्या अध्यापकाने पहिल्या वर्षी काय शिकवावे, असे कोणी विचारल्यास आमची सूचना तयार आहे: युआन श्वांगच्या ग्रंथातील महाराष्ट्रावरचे प्रकरण, मूळ चिनीतून.